कॅनडा गोठ्याच्या बाजूला, न्यूझीलंड विहिरीच्या

कॅनडाला जायचं की न्यूझीलंडला, हे ठरवण्यासाठी आम्ही कणकवलीला गेलो.

हे वाक्य मी अनेक समारंभांत बोलून पाहिलं आहे. लोक आधी हसतात, मग "नाही, खरं सांगा" म्हणतात. खरं तेवढंच आहे. लहान मुलं घेऊन परदेशी जाऊ पाहणारी जोडपी हल्ली मला विचारतात की तुम्ही देश कसा निवडलात, तक्ता केला होता का, गुण दिले होते का. तक्ता केला होता. त्यावर निखिलने वरणभात सांडला. म्हणून हा प्रवास लिहून ठेवते आहे. कोकणात गाडीने जाणाऱ्यांनाही उपयोगी पडेल, फक्त रस्ता नव्वदच्या दशकातला आहे हे लक्षात ठेवा.

तेव्हा आम्ही बेलापूरला राहायचो, तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीतून खाडी आणि दिवाळे गावच्या होड्या दिसायच्या. नवरा अविनाश ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात केमिकल इंजिनिअर. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे आणि शनिवार-रविवारी पनवेलपासून साताऱ्यापर्यंत जिथे बोलावतील तिथे भाषणं द्यायचे. विषय ठरलेले: स्त्रियांचे हक्क आणि अंधश्रद्धा. देवाला कौल लावण्याच्या प्रथेवर तर माझी वीस मिनिटं राखीव असत. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "ज्या देशाने घटना लिहिली त्या देशात लग्नं आणि जमिनी पाकळीच्या ओलसरपणावर ठरतात!" या वाक्याला नेहमी टाळी पडे.

अर्ज आम्ही दोन्ही देशांकडे केले होते, कारण एक तरी नाकारेल असा हिशेब होता. दोघांनीही हो म्हटलं. जानेवारी संपण्याआधी एकाला कळवायचं होतं. मुक्ता आठ वर्षांची, निखिल चार. जिथे नेऊ तिथली ती होणार, तिथलं बोलणार, तिथे लग्नं करणार. ही निवड चुकली तर पुन्हा करता येणारी नव्हती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

अविनाशला कॅनडा हवा होता. टोरांटोजवळ त्याचा थोरला भाऊ, दादा, दहा वर्षं स्थिरावलेला. मला न्यूझीलंड. बायकांना मतदानाचा हक्क सगळ्या जगाआधी देणारा देश! मी तीन महिने रोज संध्याकाळी हा वाद घातला आणि रोज जिंकले. रोज सकाळी दाढी करता करता अविनाश म्हणायचा, "मला अजून कॅनडाच वाटतं."

शेजारपाजारही सामील झाला होता. दिवाळ्याहून मासे घेऊन येणारी हिराबाई पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "ताई, दोन्हीकरं पानी हाय ना? मंग मावरा गावंल. भांडताव कनाला?"

शेवटी सासूबाईंनी तोंड उघडलं. आई आमच्याकडेच असत, बोलत थोडं आणि बोलत ते मालवणीत. "तुमच्यान ह्यां ठरूचा नाय," त्या म्हणाल्या. "गावाक चला. देवाक इचारूया."

अविनाश लगेच तयार झाला. मी म्हटलं, "मी येईन, पण कौल काहीही आला तरी मानणार नाही."

"मग येतेस कशाला?" अविनाश.

"बघायला. भाषणात उपयोगी पडेल."

"येवंदे तिका," आई म्हणाल्या. "देव पण बघीत तिका."

दिवस पहिला

नाताळच्या सुट्टीत, अविनाशच्या सहकाऱ्याची फियाट मागून, आम्ही पहाटे पाचला निघालो. सूचना: मुलं बरोबर असतील तर पहाटेच निघा, पेणपर्यंत ती झोपतात. वडखळला चहा आणि गरम वडे. नागोठण्यानंतर रस्ता अरुंद होतो आणि समोरून येणारा ट्रक हा आपला नातेवाईक असल्यासारखा अंगावर येतो. महाड-पोलादपूरपर्यंत ठीक. कशेडी घाटासाठी आवळासुपारी, लिंबू आणि भरपूर पिशव्या ठेवा. आम्ही चार नेल्या होत्या, पाच लागल्या.

आईंनी पनवेललाच फर्मान काढलं होतं की देवाच्या वाटेवर भांडायचं नाही. त्यामुळे गाडीत अशी शांतता होती की मला माझ्याच डोक्यातले मुद्दे ऐकू येत होते. खेडच्या पुढे निखिलने, रंग थोडा परतल्यावर, विचारलं, "आई, न्यूझीलंडला जाताना घाट लागतो का?"

"नाही रे, विमानाने जायचं."

"आणि कॅनडाला?"

"तिकडेही विमानच."

"मग आपण गाडीने का चाललोय?"

पुढच्या सीटवर अविनाशचे खांदे हसताना दिसले. मी खिडकीबाहेर बघितलं.

चिपळूणला जेवलो. स्टँडजवळच्या खाणावळीत सुरमईचं ताट माणशी पंचवीस रुपयांना, सोलकढी मागाल तितकी. मालकाने मुक्ताच्या मांडीवरचा नकाशांचा अ‍ॅटलास बघून विचारलं, "रस्ता चुकलात काय?" मुक्ता म्हणाली, "नाही. ठरवायचाय." संगमेश्वरनंतर जागोजागी रेल्वेसाठी डोंगर फोडणं चालू होतं, लाल धूळ काचांवर बसत होती. राजापूरला चहा, खारेपाटणचा पूल, आणि कणकवलीच्या अलीकडे आत वळून गावात पोचेपर्यंत दिवेलागण झाली. चुलत सासरे भाऊकाका कंदील घेऊन वाटेवरच उभे होते. कुळथाची पिठी, भाकरी, भाजलेला बांगडा. असं जेवण मला कुठल्याही देशाने देऊ केलेलं नव्हतं.

दिवस दुसरा

सकाळी आंघोळी करून देवळात. लहान कौलारू देऊळ, आत काळ्या पाषाणाचा रवळनाथ. एका बाजूला भाऊकाकांचा गोठा, दुसऱ्या बाजूला गावची विहीर, जिला तिथे बावडी म्हणतात. गावचे चार मानकरी सतरंजीवर बसलेले. त्यांना काय काम आहे ते सांगितलं होतं, पण तपशील नव्हते. बाबल गुरव सत्तरीचा, काटकुळा, कानात अत्तराचा बोळा.

"बोला," तो म्हणाला.

अविनाशने सगळं सांगितलं. बाबलने मान हलवली. "दोनातलो खयचो, असां देवाक इचारूचा नाय. देव व्हय सांगता, नायतर नाय सांगता. एक देश उजवीक धरूक होयो. उजवी पडली तर तो. डावी पडली तर दुसरो."

मी उभीच राहिले. "म्हणजे प्रश्न विचारतानाच एका बाजूला झुकतं माप? हे न्यायाला धरून नाही. मुळात निवडीचा प्रश्न हा..."

"सुनेचो घाला उजवीक," आई मधेच म्हणाल्या. अविनाश म्हणाला, "चालेल." तो असाच आहे.

"बरां. खयचो देश, बाये?"

"न्यूझीलंड."

"ह्यां खय इला?"

"ऑस्ट्रेलियाच्या शेजारी."

"ऑस्ट्रेलियाचां नाव घेतलंय तर चलात काय? तां देवाक ठावक असात."

मानकऱ्यांत चर्चा झाली. क्रिकेटमुळे दोन्ही देश माहीत असलेल्या एका मानकऱ्याने ठणकावून सांगितलं की त्या दोन वेगळ्या टीम आहेत. मग दिशांचा प्रश्न आला, कारण देवाला दिशा दाखवावी लागते. मुक्ताने अ‍ॅटलास उघडला. अविनाशने पृथ्वी गोल असल्यामुळे कॅनडा नेमका कुठे दाखवायचा यावर एक लहानसं व्याख्यान सुरू केलं. बाबलने अ‍ॅटलास हातात घेतला, उलटा धरला, परत दिला आणि निकाल दिला, "कॅनडा गोठ्याच्या अंगाक, दुसरो बावडीच्या."

"आणि बाये, तुका थंय कित्याक जावचां हा, तां सांग. देवाम्होरं सांगूक होया."

ही संधी मी सोडणार नव्हते. मी देवाकडे नाही, मानकऱ्यांकडे तोंड केलं आणि सुरुवात केली. त्या दूरच्या बेटांवर बायकांनी सह्या गोळा केल्या, दारोदार हिंडल्या, संसदेला झुकवलं, आणि जगात सर्वप्रथम मतपेटीपाशी पोचल्या. माझ्या मुलीने अशा मातीत वाढावं असं मला वाटतं! चांगलं चाललं होतं. घंटेचा दोर हलत होता. एक मानकरी पुढे सरकून ऐकत होता.

बाबलने शांतपणे हात वर केला. "बाये, भाषान नको. त्या बायलांचां झालां. तुका काय व्हया तां सांग."

"मला... म्हणजे तत्त्व म्हणून पाहिलं तर..." मी पुन्हा मानकऱ्यांकडे वळले. 

"थोरल्या जावेवांगडा ऱ्हवाचां नाय तिका," आई म्हणाल्या.

सगळं देऊळ हसलं. अविनाशने चेहरा रुमालात लपवला. मला कानशिलं तापलेली आठवतात. कारण ते खरं होतं. टोरांटोत दादांच्या घराच्या तळघरात आमची सोय होणार होती, आणि माझ्या थोरल्या जाऊबाई शोभावहिनी दरवर्षी भारतात येऊन मला माझ्याच स्वयंपाकघरात डबे कसे लावावेत ते शिकवून जात. बायकांच्या मतदानाच्या हक्कावर माझी श्रद्धा अढळ आहे. पण त्या हक्काच्या पाठीमागे मी शोभावहिनींना लपवलं होतं, तीन महिने, आणि स्वतःपासूनही.

"आता झालां," बाबल समाधानाने म्हणाला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेली मागणी, प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी होकार द्यायचा.

"बा देवा म्हाराजा! ह्यां तुजा लेकरू मुंबयसून तुज्या पायाकडे इलां हा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका पोराबाळांच्या बऱ्यासाठी भायल्या देशाक जावचां हा!"

"व्हय म्हाराजा!"

"गोठ्याच्या अंगाक एक आसा कॅनडा!"

"व्हय म्हाराजा!"

"बावडीच्या अंगाक एक आसा..." बाबल थांबला, मागे वळला. "काय गे तां?"

"न्यूझीलंड."

"न्युजिलान!"

"व्हय म्हाराजा!" यात निखिलचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या. पाच मिनिटं काहीच झालं नाही. निखिलने विचारलं, "देव झोपला का?" आईंनी त्याला चिमटा काढला. मला चिमटा काढायला कुणी नव्हतं, पण माझेही डोळे मूर्तीवरून हलत नव्हते. मग उजवीकडची पाकळी सुटली आणि सरळ खाली आली.

"दिलो! न्युजिलान दिलो देवान!"

अविनाशने हात जोडले. माझ्याकडे वळून, अगदी मोकळ्या मनाने, म्हणाला, "ठरलं. न्यूझीलंड."

मी जिंकले होते. आणि माझं डोकं सरकलं. तीन महिने मी पुरावे दिले, इतिहास दिला, आकडे दिले, तेव्हा हा माणूस हलला नाही. आणि एका झेंडूच्या पाकळीने हलला?

"हे मला मान्य नाही," मी म्हटलं. "दार उजव्या बाजूला आहे. वारा तिकडून येतो. त्या बाजूची पाकळी आधी वाळणारच. हे काही उत्तर नाही."

बाबलने पडलेली पाकळी उचलून माझ्यापुढे धरली. "तुजोच देश पडलो मा गे?"

"हो."

"मगे झगडतंस कोणावांगडा?"

दिवस तिसरा

परतीच्या वाटेवर आईंचं फर्मान लागू नव्हतं. खारेपाटणच्या आधीच मी सुरू झाले. पाकळीवर ठरलेला निर्णय मोडायचा तर दुसऱ्या बाजूचे मुद्दे मांडायला हवेत, म्हणून मी कॅनडाच्या बाजूने बोलत होते. राजापूरपर्यंत नोकऱ्या, कारखाने, अविनाशच्या शिक्षणाला मान. लांज्यापर्यंत शाळा. अविनाश एका हाताने स्टिअरिंग सांभाळत न्यूझीलंडची बाजू लढवत होता.

"बायकांनी सह्या गोळा केल्या," तो म्हणाला. "दारोदार हिंडल्या."

"ते माझं वाक्य आहे."

"म्हणूनच पाठ आहे."

मुक्ताने मागून विचारलं, "आता आईला कॅनडा हवाय आणि बाबांना न्यूझीलंड?"

"गप ऱ्हव बाय," आई म्हणाल्या. "गाडी घाटात आसा."

हातखंब्याला चहाला थांबलो. (तिथल्या टपरीवरचा आलं घातलेला चहा घ्याच, बिस्किटं मात्र आपली न्या.) मुलं आईंबरोबर उसाच्या गुऱ्हाळाकडे गेली. मी शेवटच्या मुद्द्यावर आले होते. "आणि तिथे दादा आहेत. अडीअडचणीला आपलं माणूस आहे. हा मुद्दा तू का मांडत नाहीस? तो तर तुझा होता."

अविनाशने पेला खाली ठेवला. "निखिलला न्यूमोनिया झाला होता, आठवतं?"

आठवत होतं. दोन वर्षांपूर्वी. मी साताऱ्याला होते, तीन दिवसांची व्याख्यानमाला. आई गावाला. परत आले तेव्हा निखिल इस्पितळातून घरी आला होता, हसत होता.

"त्याला श्वास घेता येत नव्हता," अविनाश म्हणाला. "मुक्ताला कुठे ठेवू कळेना. मी शेजारच्या जोशीकाकूंचं दार वाजवलं. पायांत चप्पल नव्हती माझ्या. त्यांनी मुक्ताला आत घेतलं, काकांनी स्कूटर काढली." त्याने पेला परत उचलला. "नव्या देशात मी कुणाचं दार वाजवू? मला कॅनडा नको होता गं. मला एक दार हवं होतं."

मी विचारलं, "हे तू मला कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तू मुद्दा क्रमांक तीन म्हणून खोडून काढलास. चांगलं खोडलंस. मलाच पटलं."

समोरून एक एसटी धूळ उडवत गेली.  घरात मी एकही वाद हरले नव्हते. त्याची किंमत काय होती हे मला तिथे कळलं: माझा नवरा दोन वर्षं घाबरलेला होता आणि मी रोज संध्याकाळी त्याच्याशी वाद जिंकत होते.

 कशेडीला निखिलला पुन्हा पिशव्या लागल्या, तेव्हा बोलावं लागलं. महाडला मी म्हटलं, "दादांच्या तळघरात मी राहणार नाही." पेणला अविनाश म्हणाला, "दोन बस स्टॉप पलीकडे?" पेणही मागे पडलं, पनवेलचे दिवे दिसू लागले. मी म्हटलं, "तीन."

बेलापूर

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी कॅनडाचे कागद भरले.  त्या सगळ्या भानगडीत ठामपणे माझ्या बाजूने मत देणारा एकटा देव होता, आणि त्याचं मत मीच बाद केलं होतं.

या प्रवासातून माझ्याजवळ काय उरलं, असं विचाराल तर सांगते. कौलाबद्दल माझं मत बदललेलं नाही. पाकळी वाऱ्याने पडते, आणि हे मी आजही कुठल्याही व्यासपीठावर सांगेन. पण भाषणातली ती टाळीची वीस मिनिटं मी नंतर कधी केली नाहीत. बाबल गुरवाने मला विचारलेला प्रश्न मला कुठल्याही सभेत कुणी विचारला नव्हता, आणि मी तो माझ्या घरात कुणाला विचारला नव्हता. तुम्ही देश निवडत असाल तर तक्ता जरूर करा. पण त्याआधी एकमेकांना विचारा की तुला काय हवंय, आणि उत्तर येईपर्यंत तोंड बंद ठेवा. हे दुसरं काम अवघड आहे.

शोभावहिनींनी फोनवर, "या, डबे मी आणून ठेवते," असं म्हटलं. मी "बरं" म्हटलं. प्रगती सावकाशच होते.

पाकीट टपालात टाकायला अविनाश निघाला तेव्हा आईंनी देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवला होता. "देवाक आता काय सांगू?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "तेना न्युजिलान दिल्यान, नि तुमी कॅनडाक चल्लास."

मी म्हटलं, "आई, असं सांगा की आम्हाला त्यांच्या मताविषयी पूर्ण आदर आहे, परंतु सर्व बाजूंचा विचार करता..."

"इतक्यां लांब नको," आई म्हणाल्या. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले. "म्हाराजा, तिका कळलां."

मग त्यांनी नारळ फोडला, विळीवर बसून खोबरं खवलं, आणि दुपारच्या जेवणाला सोलकढी केली.